बोकडाविना मटण

काकांच्या घरात शिरायचं तर चपलांबरोबर कमरेचा पट्टाही बाहेर काढून ठेवावा लागायचा. दाराशेजारी त्यासाठी खास फळी ठोकलेली होती. गॅसवाला यायचा तो एका खांद्यावर सिलेंडर आणि दुसऱ्या हातात पँट धरून. निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आला होता. त्याच्या खिशातून डोकावणारं पाकीट काकांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वासराचं आहे. फळीवर ठेवा, मग बोलू." त्या बिचाऱ्यानं ठेवलं. जाताना हात जोडायची वेळ आली तेव्हा मात्र पट्टा नसल्यामुळे त्यानं एकाच हातानं नमस्कार केला.

काका माझे कुणी नव्हेत. मी त्यांची भाडेकरू. मी धारची, देवासला सोयाबीनच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून खोली शोधत फिरत होते. त्यांची वरची खोली मला पहिल्या नजरेत आवडली, खिडकी उघडली की समोर टेकडी. काकांनी मला खाली बसवून मुलाखत घेतली.

"मटण खाता?"

"घरी खातो आम्ही. पण इथं नाही खाणार."

"दूध?"

"पिते की. म्हणजे काय?"

"मग नाही जमायचं."

मला वाटलं माणूस थट्टा करतोय. पण ते बोटांवर मोजून सांगत राहिले. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, दही नाही, तूप नाही, मध नाही, रेशमी साडी नाही. मी विचारलं, मधानं काय घोडं मारलं? तर म्हणे, "मधमाशीनं तुम्हाला तो दिला की तुम्ही घेतला?" मी मान डोलावली आणि सामान आणून टाकलं. दुधाची पावडर अंगाला लावायच्या पावडरीच्या डब्यात ठेवायची अक्कल मला होती.

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. माळव्यात माणूस मटण सोडेल, दारू सोडेल, वेळ पडली तर बायको सोडेल, तूप सोडायचा नाही. आमच्याकडे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून देतात, आणि बुडाले नाहीत तर पाहुणा रुसतो. काका लग्नाच्या पंगतीत कोरडा बाफला मागायचे. वाढप्याला वाटायचं, यांना काहीतरी मोठा आजार आहे. एकदा एकानं हळूच खांद्यावर हात ठेवून विचारलंसुद्धा, "भियाजी, डॉक्टर ने कितना टाइम दिया है?"

काकूंचं तसं नव्हतं. काकूंनी कधी वाद घातला नाही, आणि कधी तूपही सोडलं नाही. त्यांच्याकडे एक रुंद तोंडाची बाटली होती, वर चिठ्ठी लावलेली, 'गुडघ्याचं मलम'. जेवायला बसलं की काकूंचे गुडघे दुखायला लागायचे. बाटली घेऊन त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जायच्या आणि बाफल्याला मलम लावून यायच्या. मला वाटायचं काकांना पत्ता नाही. मग एकदा वरण-बाफले होते तेव्हा काका ताटावरून मान वर न करता म्हणाले, "आज दोन्ही गुडघे दुखतायत वाटतं." काकू हसल्या नाहीत की लाजल्या नाहीत. काका गेल्यावर मी भेटायला गेले होते, तेव्हाही तूप त्याच बाटलीत होतं. म्हटलं, काकू, आता कशाला लपवायचं? तर म्हणाल्या, "अगं, तसं खाल्लं की यांच्या समोर बसून खाल्ल्यासारखं वाटतं."

हा माणूस जन्मभर चामड्याच्या कारखान्यात होता. कातडी पारखायचं काम. अंगठा दाबला की जनावर कुठलं, वय किती, कुठल्या बाजूचं कातडं, सगळं सांगायचे. ती सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. बसमध्ये बसले की आधी सीट दाबायचे, "रेक्झिन. ठीक आहे." पोळी आली की पोळी दाबायचे. मोहल्ल्यातली मंडळी चिडवायची, "काकाजी, पेन्शन तो चमड़े की खाते हो." काका म्हणायचे, "हो न. तेवढं एकच खातो आता."

मग सोडलं कशामुळे? मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, एकदा गच्चीत पापड वाळत घालताना. रिटायर झाल्या-झाल्या बागलीकडचा एक ओळखीचा गवळी त्यांच्याकडे आला. त्याच्या म्हशीचं पारडू मेलं होतं, आणि पारडू नाही म्हणून म्हैस पान्हा सोडत नव्हती. तसं झालं की गवळी काय करतात, तर मेलेल्या पारडाचं कातडं काढून त्यात पेंढा भरतात आणि ते म्हशीपुढे उभं करतात. याला ते कातडं टिकाऊ करून हवं होतं. काकांना काय, हातखंडा काम. त्यांनी मीठ लावलं, कमावलं, शिवलं, डोळ्यांच्या जागी काळी बटणं लावली. इतकं झकास झालं की स्वतः बघायला गेले. म्हशीनं ते पारडू हुंगलं, चाटायला लागली, आणि तिचं दूध उतरलं. गवळ्यानं कौतुकानं काकांना ताज्या दुधाचा चहा दिला.

"तो चहा मी प्यायलो," काका म्हणाले. "वाईट वाटेल म्हणून प्यायलो. शेवटचा. ती बटणं माझ्या जुन्या कोटाची होती."

एवढं सांगून ते पुन्हा पापड वाळत घालायला लागले. त्या दिवशी मी खोलीत जाऊन पावडरीचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. दुसऱ्या दिवशी उघडला, ती गोष्ट वेगळी.

पण एक सांगते, काका साधू वगैरे नव्हते. मटणावर त्यांचा जीव होता. रविवारी मागच्या गल्लीतून कुणाच्या तरी कुकरचा वास यायचा, की हे गॅलरीत जाऊन उभे. डोळे मिटून म्हणायचे, "खसखस जास्त झाली." थोड्या वेळानं, "खोबरं नीट भाजलं नाही, घाई केली बाईनं." मी म्हणाले, काका, एवढं आवडतं तर कशाला स्वतःला त्रास देता? तर म्हणाले, "न आवडणारी गोष्ट सोडण्यात काय आहे? कारलं तर मीसुद्धा सोडीन."

त्यांना खरी टोचणी होती ती वेगळीच, आक्कासाहेबांची.

आक्कासाहेब म्हणजे काकांची थोरली बहीण, धारला दिलेली. हे घराणं जुन्या दरबारातलं, म्हणजे आता दरबार नाही आणि घराण्यात उरलेली ती एक तलवार, पण कुळधर्म होता. खंडेनवमीला तलवारीची पूजा, देवीला बोकड, आणि त्या मटणातला पहिला वाटा थोरल्या माहेरवाशिणीचा. भावानं स्वतःच्या हातानं वाढायचा, आणि त्यात नळी, म्हणजे मगजाचं हाड, असलीच पाहिजे. वर सासरी न्यायला डबा भरून द्यायचा. माहेर आहे याची खूण म्हणजे तो वाटा. आक्कासाहेबांनी लग्न झाल्यापासून एकही खंडेनवमी चुकवली नव्हती. काकांनी बोकड बंद केला, आणि त्या वर्षीपासून आक्कासाहेब आल्या नाहीत. भांडल्या नाहीत, फोनवर नीट बोलायच्या. फक्त म्हणाल्या होत्या, "वाटा बंद केलास म्हणजे माझं माहेर बंद केलंस. बरं." त्या 'बरं'नं काकांची झोप उडवली होती. आक्कासाहेबांचं वय झालं होतं, आणि त्या पुन्हा आपल्या घरी जेवल्याशिवायच जातील ही भीती ते चहाच्या कपासमोर, कोऱ्या चहाच्या कपासमोर, मला कितीदा बोलून दाखवायचे.

त्यांनी बोकडाऐवजी कोहळा कापून पाहिला होता. कुंकू लावून, तलवारीनं, सगळं रीतसर. शेजारचे जैन भियाजी कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, "काकाजी, कापताना मनात कोहळा होता की बोकड?" काका म्हणाले, खरं सांगायचं तर बोकड. "मग पाप बोकडाचंच लागलं," भियाजी म्हणाले आणि आत गेले. काकांनी तो कोहळा गाडीवर घालून गोशाळेत नेऊन दिला आणि पुढल्या वर्षी नुसता नारळ फोडला. आक्कासाहेबांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नारळाच्या खोबऱ्याचा वाटा घ्यायला मी धारहून येऊ?"

अशात पेपरमध्ये बातमी आली, की परदेशात कुठे कुठे लॅबमध्ये मांस वाढवतात आणि हॉटेलात विकतात, जनावर न मारता. पेपर हातात घेऊन काका तडक वर आले. दार वाजवलंसुद्धा नाही.

"तुम्ही लॅबमध्येच असता ना?"

"हो."

"मग?"

"काका, आमच्या लॅबमध्ये सोयाबीनचा ओलावा मोजतात. फार तर तेल किती आहे ते बघतात."

"उगवत काहीच नाही?"

"बुरशी. तीही साहेबांना आवडत नाही."

त्यांचा चेहरा असा पडला की मला उगाच वाईट वाटलं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. बोकड मरत नसेल, तर मटण खायला हरकत काय? आणि हरकत नसेल, तर आपण जे सोडलं ते नेमकं काय सोडलं? काकूंनी एकदाच मत दिलं, "आधी मिळू तर द्या." पण काकांना आधी निकाल हवा होता. खाणं दूरच, हक्क आहे की नाही ते ठरू दे.

इंदूरला दूध-तूप सोडलेल्या तरुण पोरांचा एक ग्रुप होता, काका त्यात सगळ्यात म्हातारे. ती पोरं महिन्यातून एकदा भेटायची. काका मला साक्षीदार म्हणून बसनं घेऊन गेले. कॅफेत ओटच्या दुधाची कॉफी आली, काकांनी आधी सोफा दाबला, मग बसले आणि प्रश्न टाकला. आधी सगळ्यांनी हसून घेतलं. मग एक मुलगा म्हणाला, अंकल, कुणी मरत नाही ना, मग बढिया है. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, बढिया कसं, पेशी काढायला सुई तर टोचली ना, बोकडाला विचारलं होतं? तो म्हणाला, सुई तर तुलाही टोचतात. ती म्हणाली, मला विचारून टोचतात. तिसरा म्हणाला, प्रश्न मारण्याचा नाहीच, प्राणी म्हणजे खायची वस्तू हे डोक्यातून जायला हवं. मग एका दाढीवाल्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "अंकल, वो हमारे लिए है ही नहीं. जे मटण सोडू शकत नाहीत त्यांच्यासाठी आहे. त्यांनी खाल्लं तर आपल्याला आनंद. आपण कशाला खायचं?"

काकांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी आधी पुन्हा खरं मटण खायला लागायचं," ते म्हणाले, "मग ते सोडवत नाही असं दाखवायचं, आणि मग मला हे मिळणार. सोडून बसलो तर नाही."

यावर त्या टेबलाचे दोन टेबल झाले. सुई टोचलेले एकीकडे, न टोचलेले दुसरीकडे. आम्ही देवासच्या बसमध्ये चढेपर्यंत ग्रुपवर भांडण पोचलं होतं आणि घरी येईपर्यंत काकांना ग्रुपमधून काढलं होतं. काका खुशीत होते. म्हणाले, "विचारलेला प्रश्न बरोबर होता, म्हणून काढलं."

त्यांची खुशी मीच घालवली. मला वाचायची खोड. मी वाचून सांगितलं, की हे मांस वाढवायला जे पातळ खाद्य लागतं, ते सुरुवातीला पोटातल्या वासराच्या रक्तापासून करायचे. काका बराच वेळ अंगठ्यानं टेबल दाबत बसले.

"परत वासरूच," एवढंच म्हणाले.

मग मला घाई झाली, मी पुढचं वाचलं आणि पळत खाली जाऊन सांगितलं, की आता त्याशिवायही करायला लागलेत. तेव्हा कुठे ते जेवले. काकू मला म्हणाल्या, "तू एक तर सगळं वाचून मग सांगत जा, नाहीतर वाचूच नकोस."

शेवटी काकांनी ठरवलं, की असलं मटण आपण चालवून घ्यायचं. स्वतःसाठी नव्हे, आक्कासाहेबांसाठी. पण त्यांना चालतं का ते विचारायला हवं. मी सुट्टीला धारला निघाले होते, काका बरोबर आले.

आक्कासाहेब ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, डोक्यावर पदर, तोंडात दात बेताचेच. काका त्यांच्या पायांशी पायरीवर बसले आणि समजावून सांगायला लागले. सत्तरीचा माणूस शाळेतल्या मुलासारखा बोलत होता.

"बोकड मरत नाही?" आक्कासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग मटण कशाचं?"

"त्याच्या अंगातला एवढासा कण घेतात, आणि भांड्यात वाढवतात."

"म्हणजे विरजण लावतात."

"तसंच समजा."

"विरजण लावलेलं मटण तुला चालतं, आणि विरजण लावलेलं दही चालत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि बोकड तेव्हा कुठं असतो गं?"

"बाहेर असेल, चरत."

"आपलं मटण शिजताना बघत?"

मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत, हात जोडून म्हणाले, "आक्कासाहेब, तसला वाटा मी दिला तर तुम्ही घ्याल?"

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "देवीला चालतं का ते देवी बघेल. मला चालतं का ते मी खाऊन सांगते. खंडेनवमीला येते. आण तुझं विरजण."

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसून गुणगुणत होते. त्यांना तसं गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकत होते. इंदूर मागे पडलं तेव्हा एकदम गप्प झाले. "पण ते मिळतं कुठं?" त्यांनी विचारलं. आता हे मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं, की इकडे कुठे विकायला आलेलं नाही. पण हक्काचा निकाल लावण्याच्या नादात तेवढं राहूनच गेलं होतं. असला घोळ तेच घालू जाणे. सगळ्या जगाशी वाद घालून, बहिणीला आवतण देऊन मोकळे, आणि ज्याचं आवतण ते देशातच नाही.

खंडेनवमी जवळ आली तसे ते खंगत चालले. फोन करून 'येऊ नका' सांगायचं म्हणजे कायमचंच सांगितल्यासारखं. मला ते बघवेना. आणि खरं सांगते, मला गंमतही करायची होती. मी म्हणाले, "काका, मी सोयाबीनच्या कारखान्यात आहे. वड्या माझ्याकडे सोपवा, मसाला काकूंकडे. आक्कासाहेबांनी विरजणाचं मटण कधी खाल्लंय, की त्यांना फरक कळेल?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मागे सरकले.

"म्हणजे पेंढ्याचं पारडू," ते म्हणाले.

"ते म्हशीचं दूध काढून घ्यायला होतं. आपण आक्कासाहेबांकडून काय काढून घेतोय? आपण तर देतोय."

ते उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात वड्या भिजत घातल्या होत्या, तर मागून आले, एक वडी उचलून अंगठ्यानं दाबली. "बरी कमावलीय," म्हणाले, आणि गेले. मी आणि काकूंनी ती परवानगी समजली.

खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे तलवार ठेवली, तिच्याशेजारी काकांची कारखान्यातली कातडं शिवायची आरी, काकूंचा कुकर, आणि लॅबमधला माझा चिमटा. सगळ्यांना झेंडूची फुलं. स्वयंपाकघरात काकूंनी असा मसाला भाजला की मागच्या गल्लीतली बाई कुंपणावर येऊन विचारून गेली, आज काय विशेष. खोबरं नीट भाजलं होतं, खसखस बेताची. निखाऱ्याचा धूरसुद्धा दिला. तुपाचा धूर द्यायचा असतो, तो काकूंनी मलमाचा दिला. मी चाखून पाहिलं आणि मलाच क्षणभर वाटलं, अरे, हे काय शिजलंय?

आक्कासाहेबांना काकांच्या भाच्यानं गाडीतून आणून सोडलं आणि तो कामाला निघून गेला. इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. काकूंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. त्यांच्या एका हातात कापडात बांधलेला स्टीलचा डबा होता आणि खांद्याला पर्स. काकांची नजर पर्सवर गेली, अंगठा हलला.

"रेक्झिन आहे," आक्कासाहेब म्हणाल्या. "दाबू नकोस."

त्या पाटावर बसल्या. डबा त्यांनी शेजारी स्टुलावर ठेवला. काकांनी सुती सोवळं नेसून स्वतः वाढलं. रस्सा, वड्या, भाकरी, लिंबू. आक्कासाहेबांनी ताट न्याहाळलं, बोटानं रस्सा ढवळला.

"नळी कुठाय?"

आता बोंबला. एवढी तयारी केली आणि नळीचं कुणाच्या डोक्यातच नाही. वाटा म्हणजे नळी, हे काकांनीच मला हजारदा सांगितलेलं. मी पटकन पुढे झाले. "आक्कासाहेब, लॅबमध्ये हाड वाढवता येत नाही अजून. नुसतं मऊ मटणच येतं."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि घास तोंडाकडे नेला.

"थांबा," काका म्हणाले.

घास तिथेच थांबला. काका त्यांच्यासमोर खाली बसले होते, हातात पळी तशीच.

"ते सोयाबीन आहे, आक्कासाहेब. मटण नाही, विरजणाचं नाही, कुठलंच नाही. मला कुठं मिळालं नाही. तुम्ही या म्हणून मी तुम्हाला फसवत होतो."

काकू पदराचं टोक चावत उभ्या. माझं काय झालं असेल विचारू नका. एवढा रंगलेला डाव, आणि ज्याच्यासाठी मांडला त्यानंच उधळला. आक्कासाहेबांनी घास परत ताटात ठेवला. रागावल्या नाहीत. सावकाश वळून त्यांनी स्टुलावरच्या डब्यावर हात ठेवला.

"मला वाटलंच होतं तुझ्यानं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी नळी घेऊनच आलेय. सुनेनं सकाळी शिजवलीय. वाढ."

काका डब्याकडे बघत राहिले.

"तुला खा म्हणत नाही मी. तू खाऊ नकोस. फक्त तुझ्या हातानं मला वाढ. एवढी वर्षं झाली, एकदा वाढ. परत येईन न येईन."

काकांनी पळी खाली ठेवली. हात डब्यापर्यंत गेला, कापडाच्या गाठीला लागला, आणि तिथेच राहिला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. मी मनात म्हणत होते, वाढा हो काका, म्हातारी बहीण आहे, एकदा वाढलंत तर कोण बघतंय? जैन भियाजीसुद्धा कुंपणावर नव्हते. काकांनी हात मागे घेतला.

"नाही जमायचं, आक्कासाहेब. तुम्ही म्हणाल ते करीन. हे नाही जमायचं."

मला वाटलं झालं, उठल्या आता. आक्कासाहेबांनी सोडलेला घास पुन्हा उचलला, तोंडात घातला आणि बेताच्या दातांनी सावकाश चावत बसल्या.

"मीठ कमी आहे," त्या काकूंना म्हणाल्या. "पुढल्या वर्षी नीट घाल. आणि भाकरीला लावायला काही आहे का?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी मलमाची बाटली आणून दिली. काकांनी ती बाटली पाहिली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

जेवण झाल्यावर काका आक्कासाहेबांसाठी पान आणायला कोपऱ्यावर गेले, आणि मी स्टूल रिकामं करावं म्हणून तो डबा उचलला. उचलल्या-उचलल्या हाताला कळलं. डबा हलका होता. मी हलवून पाहिला, आत काही नाही. आक्कासाहेब पाटावरून माझ्याकडेच बघत होत्या.

"आक्कासाहेब, यात तर..."

"वाटा न्यायला रिकामाच डबा आणतात, पोरी. भर त्यात ते सोयाबीन. सुनेला दाखवायला नको, माहेरी जाऊन आले म्हणून?"

"आणि त्यांनी गाठ सोडली असती तर?"

"सोडली असती तर," त्या म्हणाल्या, "मग एवढी वर्षं मी कुणावर रुसले होते?"

मी डबा काठोकाठ भरला, कापड पहिल्यासारखं बांधलं. भाचा आला, आक्कासाहेब गाडीत बसल्या, काका गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. मग घरात आले, धोतर वर खोचलं आणि बादली आणि चिंचेचा कोळ घेऊन ते स्टूल धुवायला बसले. ज्या घरात दुधाचा थेंब येत नव्हता, तिथे अख्खी नळी दुपारभर बसून गेली होती. घासता घासता गुणगुणत होते, तेच बसमधलं.

"तरी मी हात लावला नाही," मला म्हणाले. "धारची अस्सल नळी, सुनेच्या हातची. पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं, काका."

त्यांनी स्टूल माझ्यापुढे धरलं. "जरा बघा. वास राहिलाय का?"

मी वाकले, डोळे मिटले, नीट हुंगलं.

"थोडासा येतोय," मी म्हणाले.

काकांनी पुन्हा बादली भरली.